उसण, लचक आणि सासूबाईंचा डावा पाय

माझ्या सासूबाईंनी मला आयुष्यात एकदाच लाथ मारली, आणि तीसुद्धा मी हात जोडून विनंती केल्यावर.

हे वाचून कुणी सासूबाईंबद्दल भलता समज करून घेऊ नये. इतकी मर्यादेची बाई अख्ख्या कुंडलात नव्हती. जावयाशी समोरासमोर बोलायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. मी गेलो की त्या पदर नाकापर्यंत ओढून माजघराच्या दाराआड उभ्या राहत आणि मला जे सांगायचं ते मांजराला सांगत. "मने, पाव्हन्यास्नी इचार, च्या टाकू का?" मनी माझ्याकडे बघायची. मी मनीला सांगायचो, "टाका." (मनीला चहा करता येत असता, तर आमच्यात सासूबाईंची गरजच नव्हती!) लग्न झाल्यापासून मी त्यांचा चेहरा काही धड पाहिला नव्हता. आवाज मात्र कुठूनही ओळखला असता.

लढाईचे दिवस होते. मी साताऱ्याच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो आणि थोरल्या भावाच्या बिऱ्हाडात, त्याच्या दीड खोलीत, माझा संसार चालला होता. दीडमधली अर्धी आमची. त्या अर्ध्या खोलीतही भावाची सायकल आमच्या आधीपासून राहत होती! अशात सांगलीच्या एका हायस्कुलात मराठीच्या शिक्षकाची जागा निघाली. पगार बेताचाच, पण शाळेच्या आवारात राहायला दोन खोल्या. दोन! माझी बायको वत्सला हिनं त्या खोल्या न पाहताच त्यांत चूल कुठं आणि पाळणा कुठं ते ठरवून टाकलं होतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी आम्ही वाटेत कुंडलला तिच्या माहेरी उतरलो. तिनं मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, "ती नोकरी मिळाली न्हाई, तर मी काय आता सायकलीशेजारी निजायला येत न्हाई. हितंच ऱ्हाते. तुमी सुट्टीला येत जावा, मनीशी बोलायला."

तेव्हा एकूण प्रकरण गंभीर होतं.

मुलाखत दुपारी चारला. सांगलीची मोटार बाराला. सकाळी न्याहारी करून, धुतलेलं धोतर, कोट, टोपी असा मी तयार होऊन अंगणात आलो, तर माझा मेहुणा बाजीराव गुऱ्हाळावरून आलेल्या गाडीतून गुळाच्या ढेपा उतरवत होता. हा गडी पलटणीत मोटार हाकायचा आणि रजेवर आला होता. एकेक ढेप तो खांद्यावर अशी टाकत होता की जणू आत कापूसच भरलाय.

मी नुसता बघत उभा राहिलो असतो, तर ही आठवण लिहायची वेळच आली नसती. पण मी म्हणालो, "एखादी इकडे दे."

"नगा दाजी," बाजीराव म्हणाला. "ह्यो काय खडू न्हवं."

झालं! वत्सला ओसरीवरून बघत होती. दाराच्या फटीतून आणखी कुणीतरी बघत होतं. मी कोटाच्या बाह्या सावरल्या, खाली ठेवलेल्या ढेपेवर वाकलो, दोन्ही हातांनी तिला मिठी मारली, आणि जोर केला.

कट्!

ढेप जागची हलली नाही. मीही नाही. ढेप मी सोडली, पण कमरेनं मला सोडलं नाही. पाय सरळ, पाठ आडवी, तोंड जमिनीकडे, असा मी काटकोनात उभा राहिलो. श्वास घेतला की पाठीत सुरी फिरे, म्हणून मी श्वास घेणंही तूर्त थांबवलं.

नेमक्या त्याच वेळी सासरे बाहेर आले. सासरे म्हणजे पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले गृहस्थ. मिशा अजून नोकरीवर असल्यासारख्या. त्यांच्या पायातला जोडा माझ्या नजरेसमोर येऊन थांबला.

"सुखी ऱ्हावा!" ते गहिवरून म्हणाले. "जावा, फत्ते करून या."

मी तसाच.

"औक्षवंत व्हा!"

मी तसाच.

"धा पोरांचं बाप व्हा! आता बास की वो पाव्हनं, येवढं कुनी पाया पडतं व्हय?"

"मामा," मी जोड्याला उद्देशून म्हणालो, "मी पाया पडत नाहीये. मला उठता येत नाहीये."

मग जो काही गोंधळ उडाला, तो मला फक्त पायांवरून कळत होता. बाजीरावाचे बूट आले, वत्सलेची जोडवी आली, आणि पाठोपाठ शेजारच्या तालमीतल्या बापू वस्तादांचे अनवाणी, भाकरीएवढे पाय आले.

"कंबर धरलीया," सुभेदार म्हणाले. "तापल्या वाळूनं शेका."

"छ्या! दाजी जाम झाल्यात," बाजीराव म्हणाला. "धक्का मारून चालू करू."

"काय बोलताय गड्या," वस्ताद म्हणाले. "ही लचक हाय, लचक! माज्या ताब्यात द्या. एका झटक्यात उतरवतो."

आता मजा अशी की नाव ज्याचं त्याचं, आणि औषधही ज्याचं त्याचं. आणि तिघांनाही आपापल्या नावाचा अभिमान! आधी सुभेदारांचा हुकूम चालला. तव्यावर भाजलेली वाळू फडक्यात बांधून माझ्या पाठीवर आली. मी ओरडलो. सुभेदार म्हणाले, "वरडत्यात म्हंजे गुण येतोय." गुण आला तो फडक्याला, त्याला भोक पडलं आणि वाळू माझ्या कोटात शिरली. मग बाजीरावानं मागून धक्का मारला. मी चालू झालो, हे खरं. पण काटकोन तसाच ठेवून थेट गोठ्यापर्यंत गेलो आणि डोकं म्हशीच्या पोटाला टेकलं तेव्हा थांबलो. म्हशीनं मान वळवून माझी टोपी चाटली. मग वस्तादांनी मला ताब्यात घेतलं. त्यांनी काय केलं ते मला सांगता येणार नाही, कारण त्या वेळी माझं डोकं त्यांच्या काखेत होतं. बाहेर आलं तेव्हा कंबर होती तशीच, वर मानही डावीकडे वळून बसली होती.

"आता खरं लचकलं," वस्ताद समाधानानं म्हणाले.

वत्सलेला रडू फुटायच्या बेतात होतं. "आवं, बाराची मोटार! ह्यास्नी असंच न्यायचं का सांगलीला?"

"न्या की," बाजीराव म्हणाला. "वाकून ग्येले तर सायबलोकं खुश हुत्यात. लय नम्र मास्तर म्हनतील."

एवढ्यात दाराआडून आवाज आला. "मने, सांग जा त्यास्नी. ही लचक न्हवं, आनि धरली बी न्हाई. ही उसन हाय."

 मग एकदम तिघेही बोलायला लागले. सुभेदार म्हणे धरलीया, वस्ताद म्हणे लचक, बाजीराव म्हणे जाम. मांजराच्या मार्फत सासूबाई म्हणे उसण. भांडण अगदी रंगात आलं, आणि मी, ज्याच्या कमरेवरून ते चाललं होतं तो, मध्ये उभा. तेवढ्यात वस्तादांना सुचलं. "आरं, घरात मराठीचा मास्तर हाय की! मास्तर, तुमीच निवाडा करा. ह्याला काय म्हनायचं?"

इथं माझा अभिमान जागा झाला. साताऱ्याच्या शाळेत मी 'हलता न येणारा' या अर्थी अचल, स्थिर, निश्चल, स्तब्ध असे शब्द फळ्यावर लिहून देत असे, आणि पोरं ते घोकत. पण पर्वताच्या कामाचे ते शब्द माझ्या कमरेला काही बसेनात. तेव्हा मी काटकोनातच घसा खाकरला आणि व्याख्यान सुरू केलं.

"पंक्तीत फार वेळ मांडी घालून बसलं की माणूस अवघडतो. चार पावलं चालला की सुटतो. थंडीनं हातपाय आखडतात, ते हळूहळू. दिवसभर शेतात वाकून भांगलण केली की संध्याकाळी कंबर धरते; मी तर आयुष्यात भांगलण केलेली नाही. पाय वाकडा पडून पीळ बसला तर लचक. मला पीळ बसला तो वस्तादांनी घातल्यावर, आधी नव्हे. आणि जाम होतं ते इंजिन. मी वाकलो असताना एका क्षणात भरते, आणि श्वास घेतला की चमकते, ती उसण! मामी म्हणतात तेच बरोबर."

दाराआड बांगड्या वाजल्या. त्या खुशीच्या होत्या, हे मी पैजेवर सांगतो. सासूबाईंची बाजू घेऊन आपण सासुरवाडीत कायमचं नाव काढलं, असं वाटून त्या अवस्थेतही माझी छाती फुगली. फुगल्याबरोबर चमक आली, म्हणून पुन्हा आत घेतली.

"उसन ठरली म्हनताय?" सुभेदारांनी विचारलं.

"निर्विवाद!"

"मग तिला विलाज एकच. पायाळू मानसाची लाथ."

हे मला ठाऊक नव्हतं! आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेला तो पायाळू, आणि त्याच्या पायाचा फटका पाठीत बसला की उसण पळते, असं तिकडं सगळी माणसं मानतात. "मग बोलवा कुणी असेल त्याला," मी म्हणालो.

"कोष्ट्याचा गनू हुता," वस्ताद म्हणाले. "पर त्यो माधवनगरला गिरनीत लागला."

"दुसरं कुणी?"

 सुभेदारांचा एक जोडा दुसऱ्या जोड्यावर चढला. बाजीरावाचे बूट हळूच मागे सरकले. वत्सलेच्या तोंडून खुसकन आवाज आला, पदर तोंडात कोंबल्यावर येतो तसा. आणि दाराआडून मनी एकटीच बाहेर आली, काही निरोप न घेता.

"अगं," मी कुजबुजलो, "मामी?"

"व्हय," वत्सला म्हणाली.

आता निवाडा फिरवावा म्हटलं, तर 'निर्विवाद' म्हणून बसलो होतो.

सासूबाईंनी मात्र साफ नकार दिला. "मने, सांग त्यास्नी! लगनात ज्येंचं पाय धुतलं, ज्येंला देव म्हनून पाटावर बसवलं, त्येस्नी लाथ मारू व्हय? सात जल्म मांजराचं येतील मला!" (हे ऐकून मनी उठून परसात निघून गेली, ती संध्याकाळपर्यंत आली नाही म्हणे.) सुभेदारांनी हुकूम सोडला. चालला नाही. बाजीरावानं मनधरणी केली. चालली नाही. उन्हं अंगणाच्या मध्यावर आली. दोन खोल्या, चूल, पाळणा, सगळं माझ्या डोळ्यांदेखत निघून चाललं होतं, आणि मला दिसत होती फक्त माझी नखं.

शेवटी मी हात जोडले. वाकलेला होतोच. "मामी," मी म्हणालो, "तुमच्या मुलीच्या संसाराचा प्रश्न आहे. कृपा करून मला लाथ मारा."

दाराची फट आणखी अरुंद झाली.

मग वत्सला पुढं झाली. "आई, न्हाई मारलीस तर मी जलमभर हितं ऱ्हानार. तुज्या चुलीवर. तुला सैपाक शिकवीत."

 आणि मग, मांजर घरात नसतानाही, आवाज आला, "मने, पाव्हन्यास्नी म्हनावं, हुंबऱ्याकडं पाठ करून हुबं ऱ्हावा."

पण सरळ लाथ मारतील तर त्या सासूबाई कसल्या! आधी माझे पाय धुतले. मग कुंकू लावायला बोट आलं. पण पदराआडून अंदाज चुकला आणि कुंकू नाकाला लागलं. मग ओवाळणं. तोंड खाली असल्यामुळे निरांजन माझ्या हनुवटीखालून फिरलं आणि मिशीचा एक कोपरा खमंग भाजून गेला. एवढा मान मला लग्नातही मिळाला नव्हता. मी पडू नये म्हणून सुभेदारांनी बाजूला उभं राहून माझे हात धरले. सासूबाईंनी पदर पूर्ण तोंडावर घेतला, वर डोळेही मिटले (जावयाला लाथ लागताना बघणं हे आणखी पाप!), देवाचं नाव घेतलं आणि डावा पाय उचलला.

"आयाया!"

हा आवाज माझा नव्हता. लाथ माझ्या कमरेशेजारून थेट सुभेदारांच्या नडगीवर बसली होती.

"आगं, बसऱ्याच्या लढाईत लागलं न्हवतं येवढं!" सुभेदार एका पायावर नाचत म्हणाले, आणि नाचता नाचता त्यांनी माझे हात सोडले.

"चुकली वाटतं," पदराआडून आवाज आला. "पुन्ना मारते."

आणि ती बसली! अशी बसली की मी अंगणातून सुटलो तो समोरच्या उसाच्या चिपाडांच्या ढिगाऱ्यात घुसलो. आत सगळं अंधारलं. अंग सावरायला मी दोन्ही हात टेकले, पाय झाडले, आणि बाहेर आलो तेव्हा आधी मला आकाश दिसलं. मग कौलं दिसली. मग माणसांचे चेहरे दिसले, त्यांच्या त्यांच्या पायांच्या वर, जागच्या जागी!

मी मानेसकट ताठ उभा होतो!

"चितपट!" वस्तादांनी मांडीवर शड्डू ठोकला. बाजीरावानं पलटणीतला कडक सलाम ठोकला. मला की आईला, ते कळलं नाही. वत्सला हसत होती आणि डोळे पुसत होती. सासूबाई मात्र धावत आल्या आणि पापाचं क्षालन म्हणून माझ्या पाया पडायला लागल्या. "अहो मामी, हे काय!" म्हणून मी त्यांना उठवायला खाली वाकणार, तोच सगळं अंगण ओरडलं, "वाकू नगा!"

आणि सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलल्या. "दिस मावळस्तवर वाकायचं न्हाई. बसायचं न्हाई. पुन्ना भरली तर मी न्हाई बया मारनार."

बाराची मोटार मिळाली. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती मोटार सगळ्या वाटेनं धक्के देत होती, बसायला जागा होती, आणि मी दांडी धरून सांगलीपर्यंत उभा. वत्सला माझं धोतर झटकत होती, कारण चालताना कोटातून वाळू आणि चिपाडं गळत होती.

मुलाखतीच्या खोलीत गेलो. टेबलामागे तीन गृहस्थ. मधले अध्यक्ष, हळदीचे बडे व्यापारी, खुर्चीत असे बसलेले की मान इकडची तिकडे होत नव्हती. करारी माणूस, मी मनात म्हटलं.

"बसा," अध्यक्ष म्हणाले.

"उभाच बरा आहे."

"बसा हो, संकोच नको."

"संकोच नाही. उभाच राहीन."

दोघे सभासद एकमेकांकडे बघू लागले. आधीचे उमेदवार वाकून नमस्कार करून गेले असणार. मी मानही लववली नव्हती. तेवढ्यात अध्यक्षांच्या हातून लिहायचा टाक सुटला, घरंगळत आला आणि बरोबर माझ्या पायाशी पडला.

अध्यक्षांनी टाकाकडे बघितलं. मीही बघितलं. मी अध्यक्षांकडे बघितलं. कुणीच हलेना.

"टाक पडला," अध्यक्ष म्हणाले.

"हो, पडला खरा," मी म्हणालो.

असा उद्धट शिक्षक त्या शाळेनं तोवर पाहिला नसावा. एका सभासदानं सुस्कारा टाकून टाक उचलला. संपलं, असं वाटून मी दारात उभ्या असलेल्या वत्सलेकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. अध्यक्ष माझ्याकडे निरखून बघत होते, आणि मला वाटतं, माझ्या नाकावरच्या कुंकवाकडेही. मग ते सभासदांना म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

दार लागलं. अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "मास्तर, तुमचीही का?"

"काय?"

"लचक? सकाळी पोतं सरकवायला वाकलो, तेव्हापासून हे असं! दोघांनी उचलून खुर्चीत ठेवलंय मला."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "श्वास घेताना चमकतं?"

"चमकतं म्हणजे! प्राण जातो."

"मग ती लचक नव्हे," मी म्हणालो, आणि सकाळचं व्याख्यान पुन्हा दिलं. या वेळी सरळ उभा राहून, त्यामुळे ते जास्त चांगलं झालं. अवघडणं, आखडणं, धरणं, लचकणं. शेवटी उसण, तिचा इलाज, आणि तो इलाज कुणाच्या पायात आहे, तेही.

अध्यक्ष ऐकत होते. हलता येत नसल्यामुळे फारच लक्ष देऊन ऐकत होते. "तुमच्या सासूबाई," ते हळूच म्हणाले, "सांगलीला येतील का हो?"

आयुष्यात मला योग्य उत्तर योग्य वेळी सुचलं, असा हा एकच प्रसंग. मी म्हणालो, "त्यांच्या मुलीला इथं दोन खोल्या असल्या, तर उद्या सकाळच्या मोटारीनं येतील."

बाहेर आलो तो सेनापतीच्या थाटात. वत्सलेनं दंडच धरला. "काय झालं?"

"नेमणूक झाली! विद्वत्तेची कदर असणारी माणसं आहेत."

"आनि खोल्या?"

"दोन!"

तिनं डोळे मिटून हात जोडले. मग एक डोळा उघडून विचारलं, "आईला कवा आनायचं ठरलंय?"

नंतर मला कळलं, की त्या दिवशी मुलाखतीला आलेल्यांत पदवीधर होते, पदकवाले होते, एक तर कविताही करणारा होता. सगळे माझ्यापेक्षा हुशार. पण एकाचीही सासू पायाळू नव्हती!